करू लागणे

नववीचे इंग्रजीचे पेपर तपासताना एका चुकीवर माझी लाल शाई सर्वांत जास्त खर्च होते. 'आईने मला सपोर्ट केला' हे वाक्य मुलं इंग्रजीत लिहितात, तेव्हा 'सपोर्टेड'च्या पुढे हमखास 'टू' घालतात. माय मदर सपोर्टेड टू मी. या क्रियापदाला कर्म थेट जोडायचं, मध्ये 'टू' नको, असं मी सांगते. मुलं माना डोलावतात आणि पुढच्या चाचणीत 'टू' परत हजर होतो. तो कुठून येतो हे मला कळतं. 'मला'तल्या 'ला'मधून येतो. मराठीत आपण मदत माणसाला करतो, धीर माणसाला देतो, साथ माणसाला देतो. इंग्रजीत मात्र माणूसच त्या क्रियापदाचं कर्म होऊन बसतो, खांबावर तुळई बसावी तसा.

यंदा पावसाळ्यात हा धडा पुन्हा आला, तेव्हा चूक सुधारण्याआधी मी मुलांना घरचा अभ्यास दिला. घरातलं जे माणूस 'सपोर्ट' हा शब्द कधीच वापरत नाही, त्याला गाठायचं आणि त्याच्याकडे यासाठी कोणता शब्द आहे ते लिहून आणायचं.

दुसऱ्या दिवशी फळा भरला. टेकू, आधार, हातभार, पाठिंबा, पाठबळ, पाठराखण, साथ, सोबत, धीर, कैवार. एकाच्या आजोबांनी 'कुबडी' सांगितली होती आणि ती सांगावी की नाही म्हणून तो अडखळत होता. तीही लिहिली. मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, आमची आजी म्हणाली, त्याला शब्द नसतो. आपण नुसतं लागायचं."

वर्ग हसला. मी विचारलं, "लागायचं म्हणजे गं?"

"म्हणजे आईला भाकरी करू लागायचं. मामीला धुणं धुऊ लागायचं. कुणाचा भारा असला तर उचलू लागायचं."

मी खडू खाली ठेवला. हे रूप रोज माझ्या तोंडात होतं. लहानपणी आईनं दारातून मारलेल्या निम्म्या हाका याच होत्या: जरा निवडू लाग, जरा पाणी ओढू लाग, पापड लाटू लाग. पण 'सपोर्ट'ला मराठी प्रतिशब्द शोधताना मी कायम नामांच्या रांगेत उभी राहिले. आजीबाईंनी क्रियापदाकडे बोट दाखवलं.

शाळेच्या व्याकरणात 'ऊ लागणे' हे आरंभ दाखवणारं रूप म्हणून येतं. पाऊस पडू लागला, मूल चालू लागलं. पण वाक्यात एखादं 'ला' लावलेलं माणूस आलं की अर्थ पार बदलतो. 'सून भाकरी करू लागली' म्हणजे तिने भाकरी करायला घेतली. 'सून सासूला भाकरी करू लागली' म्हणजे सासूचं काम चालूच होतं आणि सून त्यात शिरली. एकीने थापली, दुसरीने भाजली. तवा तोच, परात तीच. कोणी कोणाला काही दिलं नाही, त्यामुळे उपकाराचाही प्रश्न नाही. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात. तिथे येणारी माणसं सांगतात, देव जनीला दळू लागायचा. देवाने जनीला साहाय्य केलं म्हटलं, तर देव देव राहतो आणि जनी दासी. 'दळू लागला' म्हणताच दोघांचे हात एका खुंट्यावर येतात.

इंग्रजी शब्दावर माझा राग नाही. त्याच भाषेवर माझं घर चालतं, आणि त्या शब्दाचं मूळ मला आवडतं. लॅटिनमध्ये 'सब' म्हणजे खाली आणि 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणं. खालून उचलून धरणं. फ्रेंचमधून तो चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. फ्रेंचमध्ये त्याच घराण्यातलं क्रियापद आजही 'सहन करणे' या अर्थाने चालतं, आणि इंग्रजीतलं 'इनसपोर्टेबल' म्हणजे आपलं असह्य. खाली उभं राहून दुसऱ्याचं ओझं पेलणारा ते सोसतही असतो, हे त्या शब्दाच्या पोटात आहे. 'एन्डोर्स' तर त्याहून जवळचा. त्यात लॅटिन 'दोर्सुम' आहे, म्हणजे पाठ. धनादेशाच्या पाठीवर सही करणं हा त्याचा जुना अर्थ, आणि आपला पाठिंबाही पाठीकडूनच येतो. संस्कृतातला 'सहाय' म्हणजे बरोबर जाणारा, त्याचं ते साहाय्य. टेकू खाली असतो. पाठबळ मागे असतं. साथ बाजूला असते. कैवार घेणारा पुढे येऊन उभा राहतो. पाठराखीण नव्या नवरीबरोबर सासरी जाते आणि तिचं मन रमेपर्यंत चार दिवस राहते. यातला प्रत्येक शब्द, माणूस नेमका कुठे उभा आहे ते सांगतो.

मराठीत रुळलेला 'सपोर्ट' ते सांगत नाही. मोबाइल बिघडला की सपोर्टला फोन, निवडणुकीत अमक्याला सपोर्ट, पोरीला अभ्यासात सपोर्ट, आजारपणात सपोर्ट. शेतमालाच्या बाबतीत सरकारी कागदावर 'किमान आधारभूत किंमत' असं लिहिलेलं असतं. शेतकऱ्याने मात्र त्यातला आधार बाजूला ठेवून हमीभाव म्हटलं, कारण त्याला हमी हवी होती. त्याने शब्द निवडला. आपण 'सपोर्ट' म्हणतो, तेव्हा निवड पुढे ढकलतो, आणि मग आपण कुठे उभे आहोत हे आपल्यालाही सांगता येत नाही.

आमच्या शिक्षकखोलीत एक वाक्य नेहमी ऐकू येतं: 'आमचे मिस्टर खूप सपोर्टिव्ह आहेत.' मीही ते म्हटलेलं आहे. त्याच्या पुढे काय येतं, इकडे आता माझा कान असतो. बी.एड. करू दिलं. नोकरी करू दिली. बदली झाली तर जाऊ दिलं. सगळीकडे 'करू देणे'. न अडवण्याची किंमत मी कमी लेखत नाही. जिला अडवलं गेलं, तिच्या आयुष्यात काय होतं ते मी माझ्या वर्गातल्या हुशार मुलींच्या बाबतीत पाहिलं आहे. पण करू देणे ही परवानगी आहे. परवानगी देणारा दारात उभा असतो, आणि आतलं काम जिथल्या तिथे पडून राहतं. संध्याकाळी सहाला घरी आलेल्या बाईला कणीक मळू लागणारं माणूस त्या घरात आहे का, हे 'सपोर्टिव्ह' या विशेषणातून कधीच कळत नाही.

या ठिकाणी मला आनंदीबाई जोशी आठवतात. जन्म १८६५, कल्याणचा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते मूल दहा दिवसांत गेलं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला. बायकोनं शिकावं हा त्यांचा ध्यास, आणि त्यांच्याशिवाय ती डॉक्टर झाली नसती हे खरंच आहे. पण अभ्यास केला नाही म्हणून त्यांनी त्या पोरीला मारलं, वस्तू फेकल्या, हेही तितकंच खरं आहे. अमेरिकेत गेल्यावर तिनं नवऱ्याला पत्रातून याची आठवण दिली. तुमचं वागणं चांगलं की वाईट हे ठरवणं अवघड आहे, विचाराल तर दोन्ही, अशा आशयाचं तिनं लिहिलं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीचा हा न्याय मला थक्क करतो. गोपाळरावांचं ते 'करायला लावणे' होतं. त्यामागे तळमळ होती, पण ढकलणारा हात पाठीवर होता.

आणि दुसरीकडे थिओडिशिया कार्पेंटर. न्यू जर्सीतल्या रोझेल गावची ही बाई. तिनं एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला आणि अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. आनंदीबाई आजारी असताना तिनं अमेरिकेहून औषधं पाठवली. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा ही बाई धक्क्यावर हजर होती. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात जाण्याआधी आनंदीबाई तिच्याच घरी राहिल्या. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. वर्षभरही गेलं नाही तोच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात क्षयानं त्या गेल्या. त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या स्मशानभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहे. शेवटची जागासुद्धा त्या बाईनं आपल्यातलीच दिली. गोपाळरावांनी सपोर्ट केला आणि कार्पेंटरबाईंनी सपोर्ट केला, अशी दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली की मला ती खोटी वाटतात. त्यांच्या क्रियापदांत सातासमुद्रांचं अंतर आहे.

हे सगळं मला आज दिसतं, कारण मधली तीन वर्षं घरात गेली. त्याआधी अण्णांच्या कामाबद्दल सांगायला हवं.

अण्णा, माझे वडील, सेंटरिंगचं काम करायचे. सातारा, कराड, पाटण या पट्ट्यात त्यांनी कित्येक स्लॅबखाली बल्ल्या, म्हणजे लाकडी टेकू, उभ्या केल्या. स्लॅब भरायचा दिवस म्हणजे घरमालकाचा सण. मिक्सरचा आवाज, घमेल्यांची रांग, संध्याकाळी पेढे. दुसऱ्या दिवशी मालक वर वाफे करून पाणी साठवायचा आणि खालच्या अंधाराकडे कोणी बघायचं नाही. अण्णा बघायचे. त्या बल्ल्यांच्या जंगलातून वाकून हिंडायचे, पाचरी हातानं हलवून पाहायचे. लहानपणी मी त्यांच्या मागे मागे फिरायचे. खाली गार असायचं आणि वरून पाणी ठिबकायचं.

काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या आपल्याकडच्या आयएस ४५६ या मानकात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्याचे १४ दिवस ठेवायला सांगितलं आहे. अण्णांना हे मानक माहीत नव्हतं. ते २१ दिवस कुणाला हात लावू देत नसत. मालकाला गिलावा सुरू करायची घाई असायची, भांडणं व्हायची. पण दिवसांपेक्षा त्यांचा कटाक्ष क्रमावर होता. खोलीचा स्लॅब असेल, तर टेकू मधून काढायला घ्यायचे आणि भिंतींकडे जायचं. गॅलरी असेल, तर बाहेरच्या टोकाकडून काढत भिंतीकडे यायचं. एकदा मी विचारलं, कुठूनही काढले तर काय होतं? त्यांनी एक पट्टी दोन विटांवर ठेवली आणि मधोमध खाली बोट धरून दोन्ही टोकं दाबली. पट्टी बोटावर उलटी वाकली. कडेचे टेकू आधी गेले आणि मधलाच राहिला, तर स्लॅब त्याच्यावर असा उलटा वाकतो, आणि त्या जागी वरच्या अंगाला ताण घेणारी सळई नसते. गॅलरीत सळई वरच्या अंगाला असते. तिथे भिंतीकडचे टेकू काढून टोकाचा ठेवला, तर ती मधेच खाली वाकू बघते आणि खालून तडकते. "टेकू नसल्यानं पडतो तो पडतोच," अण्णा म्हणाले, "पण नको तिथं राहिलेला टेकू चांगला स्लॅब फोडतो."

तीन वर्षांपूर्वी थंडीत एका पहाटे अण्णा उठले आणि उजवीकडे कोसळले. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की असं होतं, हे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. समजत सगळं होतं त्यांना. शब्द सापडत नव्हते.

नातेवाइकांच्या ग्रुपवर दोन दिवसांत साठ-सत्तर संदेश आले. बहुतेकांचा शेवट एकच: आम्ही तुमच्या सपोर्टला आहोत, काही लागलं तर सांगा. ती माणसं खोटी नव्हती. पैसे मागितले असते तर दिले असते त्यांनी. पण काय लागतं ते मलाच कळत नव्हतं, मग सांगणार काय? मदत मागण्यासाठी आधी मदतीची यादी करावी लागते, आणि ते त्या दिवसांतलं सर्वांत जड काम होतं.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात अंथरुणावरची वाकळ भिजली. सुती लुगड्यांची जुनी वाकळ, आईच्या हातची. धुतली, पण पिळता येईना. पाणी प्यायलेली वाकळ एका बाईच्या आवाक्यातली नसते. मी मागच्या दारी तिचं एक टोक धरून नुसतीच उभी होते. शेजारच्या वहिनी आल्या, पदर खोचला, दुसरं टोक उचललं. मी उजवीकडे पीळ दिला, त्यांनी डावीकडे. दोघींनी एकाच बाजूला पिळून चालत नाही, वाकळ नुसती गोल फिरते. पाणी धो धो गळलं. दोरीवर टाकू लागल्या आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "बाई, उद्या धुवायची असंल तर नऊच्या आत टाका, नंतर माझी भांगलण असती." त्या वर्षभर येत राहिल्या. 'काही लागलं तर सांगा' हे त्यांनी एकदाही म्हटलं नाही. उद्याचं काय ते मात्र दरवेळी ठरवून गेल्या.

मी स्वतः काय केलं, ते लिहायला मला जड जातं. अण्णांचं सगळं मी करून टाकत होते. घास भरवला, सदऱ्याची बटणं लावली, पाय उचलून खाटेवर ठेवला. ते शब्द शोधायला लागले की चौथ्या सेकंदाला तो मी पुरवायचे. मला शाळा गाठायची असायची, आणि खरं सांगायचं तर त्यांना चाचपडताना बघणं मला सोसत नव्हतं. लोक म्हणायचे, लेकीनं किती सपोर्ट केला बापाला. अण्णा दिवसेंदिवस गप्प होत गेले. डाव्या हातानं ते पाण्याचा तांब्या उचलू शकत होते, पण तोही उचलेनासे झाले.

फिजिओथेरपीला येणारा मुलगा विशीतला. त्यानं दोन दिवस माझं वागणं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, तुम्ही काकांना उचलू नका. काका उठतील, तुम्ही त्यांना उठू लागा." हेच रूप त्यानंही वापरलं होतं. तेव्हा माझ्या कानाला ते लागलं नाही. मला वाटलं, मी कमी पडते असं तो म्हणतोय.

मग त्यानं शिकवलं. कमजोर बाजूला उभं राहायचं, पण तो हात ओढायचा नाही, सैल पडलेला खांदा निखळतो. कमरेला पट्टा बांधायचा आणि तो धरायचा. काठी चांगल्या हातात, म्हणजे दुबळ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. मला हे उलटं वाटलं होतं. जो पाय दुबळा त्याच्याच बाजूला काठी हवी ना? त्यानं चालून दाखवलं. दुबळा पाय टेकताना पलीकडची काठी टेकली की भार दोघांत वाटला जातो. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी. अण्णा हे ऐकताना पहिल्यांदाच ताठ बसले. काठी पलीकडच्या हातात, हे त्यांना माझ्याआधी पटलं होतं. टेकूची जागा त्यांना कोणी शिकवायची?

सर्वांत अवघड होतं ते थांबणं. बटण लागायला सात-आठ मिनिटं लागायची. मी समोर बसून राहायचे, काजाची बाजू तेवढी ताणून धरायचे. शब्दाच्या वेळीही तसंच. ते 'ख… ख…' करायचे, मी 'खिडकी' म्हणायचं गिळून टाकायचे आणि खिडकीकडे बघायचेही नाही. कधी यायचा शब्द, कधी नाही. न आल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि तेव्हा मला वाटायचं की आपण निर्दय आहोत. अजून वाटतं कधी कधी.

आता ते काठीनं अंगणापर्यंत जातात. बोलणं तुटक आहे, नामं कमी आणि क्रियापदं त्याहून कमी. परवा संध्याकाळी मी फळ्यावरच्या त्या शब्दांची वही घेऊन ओसरीवर बसले होते आणि लोणच्यासाठी सुपात लसूण घेतला होता. अण्णा शेजारच्या खुर्चीवर. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, वही हवी. वही नको होती. मी सूप त्यांच्या मांडीवर सरकवलं. उजवा हात त्यांनी डाव्या हातानं उचलून सुपाच्या काठावर ठेवला, वजनासारखा, सूप हलू नये म्हणून. मग डाव्या अंगठ्यानं एक पाकळी दाबली. ती निसटली. दुसरी दाबली, तीही निसटली. माझा हात पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. तिसऱ्या पाकळीची साल चुरचुरून सुटली.

मग आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. अंधार पडेपर्यंत अण्णा मला लसूण सोलू लागले.